थर्मल इंकजेट हेड तुंबू नये म्हणून: रचनेपासून चाचणीपर्यंत

रबाळे, महापे किंवा तुर्भ्याच्या एखाद्या पॅकिंग लाइनवर थर्मल इंकजेट कोडर, म्हणजे खोक्यांवर बॅच नंबर आणि तारीख छापणारं यंत्र, बसवलेलं असेल, तर जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली काही खोकी हातात घेऊन पाहा. बॅच नंबराच्या आकड्यांमधून एक बारीक पांढरी रेघ आडवी गेलेली दिसते. पाच-सहा खोकी पुढे गेली की ती बहुतेक वेळा आपोआप भरून येते. नाहीच आली तर ऑपरेटर ‘हेड चोक झालं’ म्हणतो, कार्ट्रिज काढतो, टिश्यूने पुसतो आणि परत बसवतो. दुपारपर्यंत दुसरी रेघ उमटते.

हेड छापत असताना सहसा तुंबत नाही, थांबलेलं असताना तुंबतं. तरीही रचनेच्या कागदावर आपण सगळा हिशेब छापण्याचा मांडतो: किती किलोहर्ट्झ, किती पिकोलिटर, किती वेग. थांबलेल्या नोझलचा, म्हणजे शाई उडवणाऱ्या बारीक भोकाचा, हिशेब शेवटी, तक्रारी यायला लागल्यावर होतो. हा लेख तो क्रम उलटा करतो. हेडमधली नोझल आणि हीटर असलेली सिलिकॉनची चिप स्वतः आखणाऱ्यांना यातल्या सगळ्या पायऱ्या लागतील. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले बरेच छोटे यंत्रनिर्माते तयार कार्ट्रिज विकत घेऊन भोवतीचं यंत्र बनवतात. त्यांनी तिसरी पायरी नुसती समजून घ्यावी आणि बाकीच्या पायऱ्यांवर जोर द्यावा.

आधी थेंब कसा उडतो ते

१९७७ साली कॅननमध्ये इचिरो एंडो यांना शाईच्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंग आयर्न लागल्यावर शाई उडालेली दिसली. पुढच्या एक-दोन वर्षांत एचपीमध्ये जॉन व्हॉट स्वतंत्रपणे त्याच तत्त्वापाशी पोहोचले. १९८४ साली आलेल्या एचपीच्या थिंकजेट प्रिंटरमध्ये फक्त १२ नोझल होती आणि हेड शाईबरोबर फेकून द्यायचं होतं. हेड फेकून देणं हा तुंबण्यावरचा पहिला उपाय होता आणि आजही कोडिंगमध्ये तोच चालतो.

नोझलच्या मागे छोटं चेंबर असतं आणि त्याच्या तळाशी पातळ थराचा रेझिस्टर, म्हणजेच हीटर. त्यात एक ते तीन मायक्रोसेकंदांचा विद्युत स्पंद जातो. रेझिस्टरला चिकटून असलेला, एक मायक्रॉनपेक्षाही पातळ शाईचा थर ३०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि एकदम वाफेचा बुडबुडा होतो. तो थेंब बाहेर ढकलतो, काही मायक्रोसेकंदांत कोसळतो, आणि रिकामी झालेली जागा केशाकर्षणाने मागून भरून येते. हे पुन्हा भरणं पुढच्या हिशेबात सारखं येईल.

बुडबुड्याचा धक्का जोरदार असला तरी क्षणभराचा असतो. समोर पातळ शाई असेल तर थेंब उडतो. घट्ट शाईची बूच असेल तर बुडबुडा मागच्या, सोप्या वाटेने शाई ढकलतो आणि पुढे काहीच निघत नाही. बूच आपोआप फुटेल अशा भरवशावर रचना करता येत नाही.

पहिली पायरी: नेमकं काय तुंबलंय ते ओळखा

‘चोक’ या एका शब्दाखाली निदान पाच वेगळे दोष लपलेले असतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. म्हणून रचनेत एकही बदल करण्याआधी परत आलेली हेड तपासून त्यांची वर्गवारी करा.

शाई सुकून घट्ट झाली असेल तर जी नोझल जास्त वेळ रिकामी बसली तीच जातात, आणि काही डझन थेंब उडवले की बरीचशी परत येतात. कण अडकला असेल तर एखादंच नोझल अचानक जातं, कितीही थेंब उडवले तरी येत नाही, आणि उलट्या दिशेने शाई ढकलली की कधी सुटतं, कधी नाही. हवा शिरली असेल तर शेजारशेजारच्या नोझलांचा अख्खा पट्टा एकदम बंद पडतो, तोही जोरात आणि सलग छपाई चालू असताना. तासभर हेड शांत ठेवलं तर कधी कधी पट्टा परत येतो, आणि त्यामुळे निदान चुकतं. हीटरवर शाईचा जळका थर बसला असेल, ज्याला कोगेशन म्हणतात, तर नोझल एकदम जात नाही. थेंबाचा वेग हळूहळू कमी होतो, छपाई फिकट होते, आणि सर्वांत जास्त वापरलेली नोझल आधी मंदावतात. नोझलच्या तोंडाबाहेर शाईचं तळं साचलं असेल तर थेंब निघतो पण वाकडा जातो, आणि पुसलं की लगेच सुधारतो.

पाचांपैकी एकही खूण जुळत नसेल तर विद्युत जोडणी बघा. ठाणे खाडीच्या बाजूच्या गाळ्यांमध्ये दमट, खारट हवेमुळे कार्ट्रिजच्या आणि होल्डरच्या संपर्कबिंदूंवर गंज धरतो, आणि एका पॅडवर अवलंबून असलेली ठरावीक अंतरावरची नोझल एकदम मुकी होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन पॅड पुसले की काम होतं. अशी हेड ‘तुंबलेली’ म्हणून फेकली जातात, याचं वाईट वाटतं. रेझिस्टर शाबूत आहे का हे मल्टिमीटरने किंवा ड्रायव्हर बोर्डाच्या तपासणी फेरीने आधी बघून घ्या.

दुसरी पायरी: रिकाम्या वेळेचा हिशेब

उघडं नोझल किती वेळ थांबवून पुन्हा पहिला थेंब नीट उडतो, त्या वेळेला डीकॅप टाइम म्हणतात. सगळ्या रचनेचा हा मूळ आकडा आहे.

तो कुठून येतो ते पाहू. नोझलच्या तोंडाशी पाणी किंवा द्रावक उडून जातं आणि आतल्या शाईतून त्याची भरपाई विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरून, होते. जलीय शाईत विसरणाचा गुणांक साधारण ५ × १०⁻¹⁰ चौरस मीटर प्रति सेकंद धरला आणि नोझलच्या भोकाची लांबी ३० मायक्रॉन धरली, तर लांबीचा वर्ग भागिले गुणांक म्हणजे जवळपास दोन सेकंद येतात. याचा अर्थ असा की नोझल थांबल्यावर एक-दोन सेकंदांतच तोंडाशी झालेला बदल पूर्ण भोकात पोहोचलेला असतो. त्यानंतर घट्टपणा चेंबरकडे सरकतो. जेवणाची सुट्टी फार लांबची गोष्ट झाली, दोन खोक्यांमधला खंडसुद्धा इथे मोजायला हवा. शाईत रेझिन असेल तर तोंडावर पापुद्रा धरतो, उकळून ठेवलेल्या दुधावर साय धरते तसा, आणि तो पातळ असला तरी पहिले थेंब अडवायला पुरतो.

चाचणी साधी आहे. सगळी नोझल चालवून एक उभी रेघ छापा, मग ठरावीक वेळ थांबा, पुन्हा रेघ छापा. थांबण्याचे काळ अर्धा सेकंद, १, २, ५, १०, ३०, ६० आणि ३०० सेकंद असे वाढवत न्या. प्रत्येक खंडानंतरची पहिली रेघ भिंगाखाली बघा. किती नोझल गैरहजर, किती वाकडी, आणि कितव्या रेघेला सगळी परत आली, एवढं लिहून ठेवा.

ही चाचणी कुठल्या हवेत करता, याला फार महत्त्व आहे. जुलैमध्ये नवी मुंबईत आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते आणि जलीय शाई त्या हवेत गुण्यागोविंदाने चालते. जुलैत पास झालेलं हेड जानेवारीत, त्यातही वातानुकूलित हॉलमध्ये, नापास होऊ शकतं. ओलावा न सोसणाऱ्या गोळ्यांच्या पॅकिंग हॉलमध्ये आर्द्रता मुद्दाम खाली ठेवतात, आणि तीच हवा नोझलला सर्वांत कठोर असते. म्हणून निदान तीन हवांमध्ये मोजा: ३० डिग्री आणि ८५ टक्के, २५ डिग्री आणि ४० टक्के, आणि मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडसाठी ४० डिग्रीच्या आसपास. छोटी आर्द्रतापेटी ॲक्रिलिकची बनवून आत मीठाची संपृक्त द्रावणं ठेवली तरी काम भागतं. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते, मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणावरची ३३ टक्क्यांवर.

शाई अल्कोहोल किंवा एमईके या द्रावकांवर आधारलेली असेल तर बाहेरच्या आर्द्रतेचा आधार मिळत नाही. तिथे तापमान आणि हवेचा झोत निर्णायक असतो. लाइनवरचा पेडेस्टल फॅन हेडकडे तोंड करून लावलेला असेल, तर आधी तो फिरवा.

तिसरी पायरी: भोक, चेंबर आणि शाईची वाट

थेंब जेवढा मोठा परवडेल तेवढा मोठा घ्या. ३० पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे ३९ मायक्रॉन असतो, १० पिकोलिटरचा सुमारे २७, आणि ४ पिकोलिटरचा सुमारे २०. नोझलचा व्यास थेंबाच्या व्यासाच्या थोडा खालीच राहतो. फोटो छापणाऱ्या घरगुती प्रिंटरला बारीक थेंब लागतो. पुठ्ठ्याच्या खोक्यावर एमआरपी आणि एक्सपायरी छापायला तो लागत नाही. बारीक नळीतला प्रवाहविरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून भोक २५ वरून २० मायक्रॉनवर आणलं की त्याच बुचाचा विरोध जवळपास अडीचपट होतो. स्पष्टतेच्या हौसेखातर दिलेली ही किंमत फार मोठी आहे.

भोकाची लांबी, म्हणजे नोझल प्लेटची जाडी, कमी ठेवली तर बूचही आखूड राहते. पण फार पातळ प्लेट पुसताना वाकते आणि थेंबाची दिशा बिघडते. व्यासाच्या एक ते दीडपट जाडी हा मला समतोल वाटतो. भोक आतून रुंद आणि बाहेर निमुळतं असावं. बाहेरच्या कडेभोवती काही मायक्रॉन खोल, रुंद खळगी ठेवली तर वायपरचं रबर प्रत्यक्ष कडेला घासत नाही. कडेवर एक ओरखडा पडला की तिथे शाई ओली राहते, तळं साचतं आणि थेंब कायमचा वाकडा होतो. प्लेट निकेलची विद्युतलेपनाने वाढवलेली असो, लेझरने भोकं पाडलेली पॉलिइमाइडची असो किंवा एसयू-८ या प्रकाशाने कडक होणाऱ्या पॉलिमरची, बाहेरचा पृष्ठभाग शाईला न चिकटणारा आणि भोकाची आतली भिंत ओली होणारी, हा भेद राखलाच पाहिजे.

चेंबरला काटकोनी, मृत कोपरे ठेवू नका. तिथे शाई फिरत नाही, छोटे बुडबुडे दबा धरून बसतात आणि पुढच्या स्पंदाचा धक्का गिळतात. कोपरे गोल करा. हीटरवर सिलिकॉन नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइडचा संरक्षक थर आणि त्यावर टँटलम, ही जुनी रचना अजूनही विश्वासाची आहे. टँटलम कोसळत्या बुडबुड्याचा मार सहन करतो.

आता पुन्हा भरण्याचा वेग. इथे बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त वेगासाठी रचना करतात. कन्व्हेअर मिनिटाला ३० मीटर चालतो आणि छपाई ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) हवी असेल, तर प्रत्येक नोझलला सेकंदाला सुमारे १२,००० थेंब उडवावे लागतात, म्हणजे भरायला ८० मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ. त्याच वेगाला ३०० डीपीआय पुरत असेल तर वेळ दुप्पट, सुमारे १७० मायक्रोसेकंद. खोक्यावरच्या अक्षरांना प्रवासाच्या दिशेने ३०० पुरेसे असतात. ही वाचलेली वेळ म्हणजे आपलं भांडवल आहे, आणि ते पुढच्या पायरीत गाळणीवर खर्च करायचं आहे. वाहिनीची उंची मात्र जपा. रुंद आणि बुटक्या वाहिनीत विरोध उंचीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे २० मायक्रॉनची उंची १४ केली की विरोध जवळपास तिप्पट होतो. गाळणीसाठी जागा करताना लांबी-रुंदीशी खेळा, उंचीशी नको.

अति वेगाने भरणंही चांगलं नाही. शाई तोंडापर्यंत येऊन थांबत नाही, बाहेर फुगते आणि प्लेटवर सांडते. वाहिनी थोडी लांब किंवा अरुंद करून हा उसळा मारावा लागतो. स्ट्रोब दिव्याखाली मेनिस्कस, म्हणजे नोझलच्या तोंडाशी असलेला शाईचा वक्र पृष्ठभाग, एकदाच हलकासा फुगून शांत होताना दिसला, की विरोध बरोबर बसला असं समजा.

चौथी पायरी: कण आणि हवा

कण बाहेरून येतात असं वाटतं, पण नव्या हेडमधले बरेचसे कण घरचेच असतात. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची झालर, अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचा भुगा, फोमचे तुकडे, वेफर कापतानाची सिलिकॉनची धूळ, लेझरने भोक पाडतानाची काजळी, इपॉक्सीचे कण. कार्ट्रिजचं शरीर वागळे इस्टेटमधल्या किंवा रबाळ्याच्या साचाकाराकडून करून घेत असाल, तर ड्रॉइंगवर झालरीची कमाल मर्यादा लिहा आणि शाईच्या वाटेत वेल्डची रेषा येणार नाही अशी जोडणी आखा. पुढे कितीही चांगली जाळी लावली तरी जाळीच्या पलीकडचा भुगा तिला दिसत नाही.

गाळणी तीन टप्प्यांत असावी. शाई भरण्याआधी १ मायक्रॉनचा फिल्टर. कार्ट्रिजच्या आत, चिपकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर, १० ते २० मायक्रॉनची स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी. आणि शेवटी चिपवरच, प्रत्येक चेंबरच्या तोंडाशी, एसयू-८ चे खांब. खांबांमधली फट ही नोझलचा व्यास आणि वाहिनीची रुंदी यांतल्या लहान मापाच्या सुमारे ६० टक्के ठेवा. नोझल २५ मायक्रॉनचं असेल तर फट १५. जो कण खांबांमधून गेला तो नोझलमधूनही जायलाच हवा.

खांबांची एकच ओळ गोल कणांना पुरते, पण आपल्याकडे पुठ्ठ्याचे तंतू असतात. लांब, बारीक तंतू टोकाने शिरतो आणि फटीतून आरपार जातो. म्हणून खांबांच्या दोन ओळी, एकमेकींच्या आड येतील अशा. प्रत्येक चेंबरला शाईच्या दोन वाटा द्या, म्हणजे एक वाट अडली तरी नोझल मंदावेल, मरणार नाही. शेजारच्या दोन-तीन चेंबरना सामायिक अंगण ठेवलं आणि त्या अंगणाच्या सीमेवर खांब लावले, तर एखादी फट बंद झाल्याने कुणाचंच फारसं बिघडत नाही. वर वाचवलेले ८०-९० मायक्रोसेकंद इथे कामी येतात.

चिप बनवण्याआधी ही गाळणी हीटरशिवायच तपासता येते. काचेच्या किंवा सिलिकॉनच्या तुकड्यावर फक्त वाहिन्या आणि खांब कोरा, पारदर्शक झाकण लावा, ठरावीक मापाचे पॉलिस्टायरीनचे मणी आणि पुठ्ठ्याचा भुगा मिसळलेलं पाणी सोडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसा. पीडीएमएस या पारदर्शक रबरात ओतलेली प्रतिकृतीही चालते. या प्रयोगासाठी चिप बनवण्याची पूर्ण सोय, म्हणजे फॅब, लागत नाही. पुढे हीटरसह नमुने करायची वेळ आली, तर ऐरोली पूल ओलांडून पवईला आयआयटी मुंबईची नॅनोफॅब्रिकेशन सुविधा आहे. तिथे जाण्याआधी वाहिन्यांचा प्रश्न सुटलेला असला की मास्कची, म्हणजे चिपवर आकृती उमटवणाऱ्या काचेची, फेरी वाया जात नाही.

हवेचा प्रश्न खोक्यांवरच्या छपाईत जास्त कठीण होतो, कारण हेड खाली तोंड करून नसतं, आडवं असतं. नोझलांची रांग उभी असते. शाई तापली की तिच्यात विरघळलेली हवा सुटते, आणि चिपमागच्या पोकळीत वर जाऊन बसते. सर्वांत वरची नोझल उपाशी राहतात. छपाईत अक्षरांचा माथा उमटत नसेल तर हेच कारण समजा. यावर तीन उपाय एकत्र करा: चिपमागची पोकळी सर्वांत वरच्या नोझलच्याही काही मिलिमीटर वर वाढवा, म्हणजे हवेला बसायला जागा राहील. पोकळीचं छत उतरतं ठेवा, अरुंद गळा कुठेही नको. आणि शाई भरण्याआधी निर्वातात ठेवून तिच्यातली हवा काढा.

ओली जाळी स्वतः हवेला अडवते. १५ मायक्रॉनच्या छिद्रातून, पृष्ठताण मीटरला ४० मिलिन्यूटन असलेल्या शाईतून हवा ढकलायला सुमारे १०.७ किलोपास्कल, म्हणजे मीटरभर पाण्याच्या उंचीइतका दाब लागतो. अल्कोहोलच्या शाईत पृष्ठताण जवळपास निम्मा, म्हणून हा आधारही जवळपास निम्मा.

पाचवी पायरी: ऋण दाब

शाई नोझलमधून गळू नये म्हणून मागे किंचित ओढ ठेवावी लागते. २५ मायक्रॉनच्या नोझलचा मेनिस्कस, ४० मिलिन्यूटनच्या शाईत, सुमारे ६.४ किलोपास्कलपर्यंत म्हणजे ६५ सेंटीमीटर पाण्याइतकी ओढ सहन करतो. अल्कोहोलच्या शाईत ३६ सेंटीमीटरच्या आसपास. कामाची ओढ याच्या बरीच खाली, ५ ते १५ सेंटीमीटर ठेवा, कारण खोकं गाइडला आपटल्यावर बसणारा धक्का आणि जोरात छापताना होणारी दाबाची घट यांना जागा लागते. बाटलीतून शाई पुरवत असाल तर बाटलीतली पातळी सर्वांत खालच्या नोझलच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली ठेवा. अर्ध्या इंचाची चार हेड एकावर एक रचली तर वरच्या आणि खालच्या टोकांत ५ सेंटीमीटरचा फरक पडतो, तोही धरा.

सहावी पायरी: शाई आणि हेड एकत्र ठरवा

शाई एकाकडून आणि हेड दुसऱ्याकडून घेऊन मग दोघांची गाठ लाइनवर घालून देणं, ही पद्धत मला पटत नाही. ग्लिसरॉल, ग्लायकोल किंवा २-पायरोलिडोनसारखी ओलावा धरणारी द्रव्यं डीकॅप वाढवतात, पण ती जास्त झाली की शाई घट्ट होते आणि खोक्यावर वाळत नाही. थर्मल इंकजेटच्या जलीय शाईची श्यानता, म्हणजे घट्टपणा, १ ते ३ सेंटिपॉइजच्या आसपास असते. त्यापुढे गेलात तर भरण्याच्या वेळेचा हिशेब पुन्हा मांडा. रंगद्रव्य असेल तर त्याचे कण २०० नॅनोमीटरच्या आत हवेत. सुकलेल्या शाईच्या ठिपक्यावर ताज्या शाईचा थेंब टाकून बघा. तो पुन्हा विरघळला तर नोझल स्वतःला मोकळं करू शकेल. नाही विरघळला तर कुठलंही हेड त्या शाईला पुरणार नाही.

धुण्यासाठी आणि पातळ करण्यासाठी फक्त डिआयोनाइज्ड पाणी. एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी असो, मोरबे धरणाचं असो वा बोअरवेलचं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात असणारच, आणि ते शाईतल्या रंगाशी किंवा रेझिनशी संयोग पावून गाळ करतात. हेच धातू हीटरवरचा जळका थरही वाढवतात. शाईत फॉस्फेट क्षार थोड्या प्रमाणात घातल्याने कोगेशन कमी होतं, हे बऱ्याच काळापासून माहीत आहे.

गोंद, रबर, फोम, प्लेट यांचे तुकडे त्याच शाईत ६० डिग्रीवर काही आठवडे बुडवून ठेवा. वजन, फुगवटा आणि शाईत उतरलेला गाळ तपासा. एमईकेच्या शाईत ईपीडीएम रबर वापरता येतं का, असं कुणी विचारलं तर हीच चाचणी उत्तर देईल, आणि एका विशिष्ट शाईसाठी देईल.

सातवी पायरी: ड्रायव्हरमधून काळजी

थेंब उडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपेक्षा १५ ते २५ टक्के जास्त ऊर्जा द्या. त्याहून जास्त दिलीत तर पहिल्या दिवशी छपाई सुंदर दिसेल आणि काही आठवड्यांत हीटरवर थर बसेल.

थांबलेलं नोझल जिवंत ठेवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे अधूनमधून थेंब उडवून टाकणं. शाई वाया जाते म्हणून लोक कचरतात. हिशेब करून पाहा. ३०० नोझल, प्रत्येकी १० थेंब, थेंब ३० पिकोलिटरचा: एका वेळी ९० नॅनोलिटर. दर ३० सेकंदांनी असं केलं तरी आठ तासांत ०.०९ मिलिलिटरच्याही आत. ४२ मिलिलिटरच्या कार्ट्रिजसमोर हे काहीच नाही. अडचण असते ती थेंब टाकायचे कुठे याची. हेडसमोर, कन्व्हेअरच्या पलीकडे, नमदा बसवलेली पन्हळ लावा आणि दोन खोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उडवा. तो नमदा नियमित बदला, नाहीतर सुकलेल्या शाईचा डोंगर होऊन त्याचीच धूळ हेडवर येईल.

छोटे स्पंद देऊन चिप ४०-४५ डिग्रीपर्यंत गरम करता येते, त्याने बूच मऊ होते. पण सतत गरम ठेवलं तर बाष्पीभवनही वाढतं. म्हणून फोटोसेन्सर हेडच्या २० सेंटीमीटर आधी लावा. मिनिटाला ३० मीटर वेगाला ४०० मिलिसेकंद मिळतात. खोकं दिसलं की चिप तापवायची, छापायचं, सोडून द्यायचं.

तुमच्या कार्ट्रिजमध्ये नोझलांच्या दोन रांगा असतील आणि एक रांग पुरत असेल, तर दुसरी ‘राखीव’ म्हणून बसवून ठेवू नका. बसलेली रांग सुकते आणि गरजेच्या दिवशी उपयोगी पडत नाही. एक खोकं पहिल्या रांगेने, पुढचं दुसऱ्या रांगेने छापा.

स्वतःची चिप आखत असाल तर चेंबरशेजारी यू आकाराची वाहिनी आणि तिच्यात मध्यबिंदूपासून बाजूला सरकवलेला आणखी एक रेझिस्टर बसवता येतो. बुडबुडा वाढताना आणि कोसळताना दोन्ही बाजूंच्या असमान लांबीमुळे शाई एका दिशेने थोडी पुढे सरकते. कुठलीही हलती झडप नसलेला पंप. नोझलपाशी शाई फिरत राहिली की तोंडाशी घट्ट झालेली शाई आत ओढली जाते. एचपीने आपल्या औद्योगिक हेडमध्ये असं अभिसरण वापरलं आहे. याला सिलिकॉनची जागा आणि उष्णता खर्ची पडते, पण जड रेझिनच्या शाईला दुसरा चांगला पर्याय मला दिसत नाही.

आठवी पायरी: कॅप, पुसणं, आणि पुठ्ठ्याची धूळ

कॅपच्या आतली पोकळी जितकी लहान तितकी चांगली. ती पूर्ण हवाबंद केली तर लावताना दाबलेली हवा नोझलमध्ये शिरते. म्हणून एक लांब, बारीक, नागमोडी वाट बाहेर काढा. दाब सुटतो, पण वाफ त्या लांबीतून फार हळू जाते. वायपरचं रबर मऊ, धार सरळ, आणि हालचाल रांगेच्या दिशेने, सावकाश, ओलसर. कोरडा टिश्यू हा तंतूंचा साठा आहे. तो यंत्राजवळ ठेवूच नका.

नोझल प्लेट गाइड पट्टीच्या एक-दीड मिलिमीटर आत ठेवा, म्हणजे खोकं घासत नाही. अंतर त्याहून फार वाढवलं तर थेंब भरकटतात. धूळ उडवायला हवेचा पडदा लावायचा मोह होतो. लावायचाच तर गाळलेली हवा खोक्याच्या पृष्ठभागावर, हेडच्या अलीकडे मारा. नोझलवरून झोत गेला की दुसऱ्या पायरीतला सगळा हिशेब कोलमडतो.

नववी पायरी: सुट्टीची चाचणी

दिवसभर छापून हेड पास करू नका. खरी परीक्षा थांबण्याची आहे: कॅप न लावता १० मिनिटं आणि एक तास, कॅप लावून एक रात्र, दोन दिवसांची सुट्टी, आणि दिवाळीची पाच दिवसांची. प्रत्येक वेळी सुरुवातीची नोझल-तपासणी, किती थेंब उडवल्यावर सगळी परत आली, आणि एका रात्रीत किती नोझल कायमची गेली, याची नोंद ठेवा. वीज जाण्याचीही चाचणी घ्या. वीज अचानक गेली तर हेड कॅपखाली जात नाही. स्प्रिंगने आपोआप बंद होणारी कॅप असेल तर तो प्रश्नच उरत नाही. मोटरवर चालणारी असेल तर तेवढ्या एका हालचालीपुरता कपॅसिटर किंवा छोटी बॅटरी ठेवा.

ग्राहकाकडून परत आलेलं हेड धुऊ नका. कॅप किंवा पट्टी लावून, ज्या स्थितीत लाइनवर होतं त्याच स्थितीत, डबीत ठेवायला सांगा. डबीवर शाईचा लॉट, हॉलचं तापमान आणि आर्द्रता, शेवटचं छापलेलं खोकं आणि हेड किती वेळ थांबलं होतं ते लिहून घ्या, आणि शक्य असेल तर ते खोकंही मागवा. मग आधी सूक्ष्मदर्शकाखाली नोझल प्लेटचे फोटो, नंतर रेझिस्टरची तपासणी, त्यानंतर थेंब उडवून बघणं, आणि सर्वांत शेवटी धुणं. धुतलेलं पाणी बारीक फिल्टर कागदावर गाळून तो कागदही डबीतच ठेवा. त्यावरचा तंतू पुठ्ठ्याचा, टिश्यूचा की तुमच्याच फोमचा, हे भिंगाखाली लगेच कळतं.